आधी सही वाचा, मग भाव विचारा

माझी पहिली जुनी नोट पाच रुपयांची. प्रदर्शनातला विक्रेता म्हणाला, "अडतीस सालची आहे, रिझर्व्ह बँकेची पहिली." जॉर्ज सहाव्याचा चेहरा बघून मीही मान डोलावली. घरी भिंगाखाली धरली तर खाली सही चिंतामणराव देशमुखांची! जानेवारी 1938 मध्ये निघालेल्या पहिल्या पाचाच्या नोटेवर सही होती तेव्हाचे गव्हर्नर जे. बी. टेलर यांची, देशमुख गव्हर्नर झाले 1943 मध्ये. टेलरच्या भावात मी देशमुख घेऊन आलो होतो.

आणे-पैचा जमाना 31 मार्च 1957 ला संपला. त्याआधीच्या रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर साल शोधत बसू नका, छापलेलंच नसतं. सही हाच पत्ता. जॉर्ज सहाव्याची एक रुपयाची नोट मात्र वेगळी. ती सरकारची, तिच्यावर 1940 छापलेलं आणि सही वित्त सचिव सी. ई. जोन्स यांची.

सहीनंतर राजाचं तोंड बघा. आधी तो बाजूने दिसतो, नंतर समोरून. महायुद्धात जपान्यांनी इतक्या हुबेहूब खोट्या नोटा काढल्या की चित्र आणि वॉटरमार्क दोन्ही बदलावे लागले, आणि भारतीय नोटेत पहिल्यांदाच सुरक्षा धागा आला. म्हणजे माझ्या नोटेवर देशमुखांची सही, पण राजा बाजूने बघतोय, म्हणजे ती या बदलाच्या आधीची. एवढं कळायला मला दोन महिने लागले.

फसवणूक सगळ्यात जास्त पाकिस्तान छापाच्या नोटांत. फाळणीनंतर नाशिकला छापलेल्या नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि खाली तेच उर्दूत छापून तिकडे वापरल्या. त्या महाग, म्हणून साध्या नोटेवर तो छाप मारून विकणारे आहेत. घडीवर भिंग धरा. खऱ्या नोटेत घडी पडली तशी शाईही झिजते. नंतर मारलेल्या छापाची शाई घडीच्या खाचेत उतरलेली दिसते.

त्याहून जुन्या, एकाच बाजूला छापलेल्या मोठ्या नोटा लोक कापून दोन अर्धे वेगवेगळ्या टपालाने पाठवत. चिकटवलेली मिळाली तर दोन्ही अर्ध्यांवरचा नंबर ताडून बघा. 1918 ची अडीच रुपयांची, म्हणजे 'दोन रुपये आठ आणे' नोट सुरुवातीला फक्त बघायची. खिशाला परवडत नाही.

टाचणीच्या भोकांना घाबरू नका, गड्ड्या टाचूनच ठेवत. घाबरायचं ते धुतलेल्या नि इस्त्री केलेल्या नोटेला. तिचा कागद मेणचट गुळगुळीत लागतो, बोटाला छपाईचा खरखरीतपणा जाणवत नाही. फाटलेल्या नोटेला सेलोटेप तर मुळीच नको. मी एका दहाच्या नोटेला लावली, आणि आता तिथे पिवळा पट्टा आहे, राजाच्या नाकावरून गेलेला.

ती पाचाची नोट अजून अल्बमच्या पहिल्या पानावर आहे. खाली पेन्सिलने दिलेली किंमत लिहिली आहे, बायकोला दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरात.