किनाऱ्यावर उणे पाऊस: ग्रिड बदलताना

हवामान खात्याचा ०.२५ अंशी चौकटींच्या जाळीवरचा (ग्रिड) दैनिक पाऊस १ अंशाच्या मोठ्या चौकटींवर आणला, तर कोकण किनाऱ्यावर उणे ४०० मिमी! समुद्रावरचा -९९९ हा आकडा नेटसीडीएफ (हवामानाचे आकडे साठवायचा प्रकार) फाइलमध्ये 'माहिती नाही' म्हणून नोंदलेलाच नव्हता, तो सरासरीत मिसळला. आधी सीडीओ या हवामान-डेटाच्या सॉफ्टवेअरचं 'सेटसीटूमिस' (दिलेला आकडा 'माहिती नाही' ठरवणारी आज्ञा) -९९९ वर चालवलं, मगच रीग्रिड, म्हणजे चौकटी बदलणं. क्रम उलटा केलात तर उपयोग शून्य.

दुसरी चूक बायलिनियर या रीग्रिडच्या पद्धतीची. ते नव्या बिंदूभोवतीचे चारच आकडे घेतं. १ अंशाच्या चौकटीत जुने साधारण १६ असतात, बाकीचे वाया. घाटमाथ्याचा पाऊस असाच गळतो. म्हणून सीडीओचंच 'रीमॅपकॉन', ते सगळ्या जुन्या चौकटींची सरासरी घेतं, क्षेत्रफळाच्या वजनाने. (तापमानाला बायलिनियर सहसा चालून जातं.) चौकटीचा इवलासा तुकडाच जमिनीवर असेल, तर तीही भरली जाते, 'रीमॅप एरिया मिन' (चौकटीचा किमान किती भाग माहितीने व्यापलेला हवा, ते सांगणारं सेटिंग) ०.५ ठेवलं की थांबतं.