शिरेबाहेर गेलेले इंजेक्शन: न्यूक्लिअर मेडिसिन स्कॅनमध्ये या चुका टाळा

पेट स्कॅनच्या वेळी हात डोक्यावर घेतलेले असल्याने इंजेक्शनची जागा पुष्कळदा चित्रात येतच नाही, आणि जे दिसले नाही ते घडलेच नाही असे सोयीस्करपणे धरले जाते. शिरेबाहेर साचलेले एफडीजी (या स्कॅनसाठी टोचतात तो साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ) रक्तात पूर्णपणे पोहोचत नाही, तरीही एसयूव्ही (गाठीने तो किती शोषला हे दाखवणारा आकडा) काढताना संपूर्ण डोस धरला जातो. त्यामुळे गाठीची एसयूव्ही खोटी कमी येते आणि आधीच्या स्कॅनशी तुलना करताना औषध लागू पडल्याचा भास होतो.

एका केंद्रात लिम्फोमाच्या (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या) रुग्णाचे बाकी सारे शरीर स्वच्छ असताना उजव्या काखेत एक बारीक गाठ चमकत होती आणि ‘नवी गाठ’ असा अहवाल जाण्याच्या बेतात होता. इंजेक्शन कोणत्या हाताला दिले याची नोंद नव्हती. सुदैवाने रुग्ण अजून आवारातच होता. त्याला परत आत घेऊन कोपराचे चित्र काढले, तेव्हा घडीत ठसठशीत डाग निघाला: गळलेला ट्रेसर (टोचलेला किरणोत्सारी पदार्थ) लसिकावाहिन्यांतून त्याच बाजूच्या काखेत पोहोचला होता. एफडीजीतील किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे असल्याने दुसऱ्या दिवशी हा पुरावा उरला नसता. म्हणूनच हात आणि जागा मी सिरिंज उचलण्याआधी लिहितो, आणि शंका आली की रुग्णाला टेबलावरून उतरवण्यापूर्वीच त्या जागेचे चित्र घेतो. दोन मिनिटे वाचवणाऱ्यांशी माझे या बाबतीत कधीच जमलेले नाही.

शीर चुकली की त्याच शिरेवर आधीच्या छिद्राच्या खाली पुन्हा टोचण्याची नवशिक्यांची घाई तर गळतीला आमंत्रणच असते. कॅन्युला लावून आधी नुसते सलाइन सोडावे, फुगवटा किंवा दुखणे नाही हे पाहावे आणि मगच ट्रेसर द्यावा.

प्रत्येक डाग गळतीचा नसतो. बाहीवर सांडलेला थेंबही तसाच दिसतो; कपडे बदलून, त्वचा पुसून पुन्हा चित्र घ्यावे.

बोन स्कॅनमध्ये डाग झाकायला शिशाचा पत्रा ठेवण्यापूर्वी एक चित्र त्याच्याशिवाय घ्यावे. डीटीपीए हा ट्रेसर वापरून केलेल्या रीनल (मूत्रपिंडाच्या) स्कॅनमध्ये जीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग) अनपेक्षितपणे कमी आला, तर मूत्रपिंडाला दोष देण्याआधी कोपर तपासावे.

ल्युटेशियम-१७७ या कर्करोगावरच्या किरणोत्सारी औषधाच्या उपचारात मात्र चित्राची वाट पाहू नये. हात दुखतो असे रुग्णाने म्हणताच इन्फ्युजन थांबवून डॉक्टरांना आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना ताबडतोब कळवावे, कारण तिथे बीटा किरणांचा मारा त्या ऊतींवरच होत राहतो.