ईपीसीच्या कामावर रुजू होताना

कॉलेजातून नव्याने साइटवर आलेल्या मुलामुलींच्या डोक्यात बहुधा एकच चित्र असतं: सरकार नकाशे देतं, ठेकेदार बांधतो, एमबीत (मोजमाप वहीत) मापं चढतात, बिल निघतं. पीडब्ल्यूडीची बी-१, बी-२ टेंडरची कामं अशीच चालतात. ईपीसीत (इंजिनिअरिंग, प्रोक्युअरमेंट, कन्स्ट्रक्शन) मात्र डिझाइनही ठेकेदाराचं आणि रक्कमही लम्पसम, म्हणजे पूर्ण कामाची आधीच ठरलेली एकठोक. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर १६ पॅकेजांत याच पद्धतीने झाले. मी अशा कामांवर ठेकेदाराकडून डिझाइन समन्वय बघतो. साहेबांच्या, म्हणजे सरकारी इंजिनिअरच्या खुर्चीतून हेच थोडं वेगळं दिसत असणार, तेवढं गृहीत धरून वाचा.

पहिल्या आठवड्यात ड्रॉइंगला हात लावण्याआधी करारातलं शेड्यूल बी आणि डी वाचून काढा. काय बांधायचं ते बीमध्ये, कोणत्या दर्जाचं ते डीमध्ये. लम्पसम कामात जवळजवळ प्रत्येक भांडण शेवटी ‘हे कामात धरलं होतं का?’ इथेच येऊन थांबतं.

एक अंडरपास सांगतो. शेड्यूलमध्ये उंची ३ मीटर. गावकरी म्हणाले, उसाने भरलेली ट्रॉली यातून जायची नाही. डेप्युटी साहेबांनी जागेवर पाहिलं आणि म्हणाले, “साडेचार करून टाका, पत्र मागाहून देतो.” मागणी रास्तच होती. पण दीड मीटर उंची वाढली की वरच्या रस्त्याची पातळी चढते, दोन्हीकडचा भराव वाढतो, त्याचा पाया पसरतो आणि संपादित जमीन पुरत नाही. आमच्या मॅनेजरांनी त्याच संध्याकाळी पत्र धाडलं: ‘आजच्या पाहणीत दिलेल्या सूचनेनुसार...’ सोबत सुधारित नकाशा, वाढीव भराव आणि खर्चाचा अंदाज. साहेब आधी जरा फुगले. पुढे चेंज ऑफ स्कोपचा (करारातल्या कामात बदलाचा) प्रस्ताव वर पाठवताना त्यांनी तेच पत्र जोडलं.

यातली मेख लक्षात घ्या. साहेब सही करत नाहीत म्हणजे अडवतात, असं नवखी माणसं चटकन बोलून मोकळी होतात. काही अडवतातही, नाही असं नाही. पण ऑडिटचा पॅरा (लेखी आक्षेप) निघतो तो काही वर्षांनी. तोवर त्यांची बदली झालेली असते आणि उत्तर फायलीलाच द्यावं लागतं. सही करता येईल अशी फाइल त्यांच्या टेबलावर ठेवणं हे आपलं अर्धं काम.

ड्रॉइंगचंही तसंच. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारात तपासणीसाठी १५ दिवस दिलेले आहेत. मुदत तोंडपाठ असते म्हणून कोणी शुक्रवारी संध्याकाळी ड्रॉइंगचा गठ्ठा पाठवतं आणि सोळाव्या दिवशी स्मरणपत्र. कायद्याने बरोबर, व्यवहाराने वेडेपणा. त्याऐवजी आधी तपासणाऱ्या इंजिनिअरसोबत बसून गृहीतकं मिटवा: मातीची वहनक्षमता, पूरपातळी, भार. शेऱ्यांना उत्तर देताना ‘नोंद घेतली’ लिहू नका; काय बदललं, कोणत्या पानावर, ते लिहा. आणि ड्रॉइंग पास झालं म्हणून डिझाइनची जबाबदारी आपल्या डोक्यावरून उतरत नाही, हेही त्याच करारात आहे.

मधेच होणारे बदल मोठ्या कामांनाही चुकत नाहीत. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यावर वरळीच्या कोळी बांधवांनी होड्यांसाठी खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं आणि काम चालू असताना महापालिकेने ६० मीटरचा गाळा १२० मीटर करायला मान्यता दिली. एक खांब गळला की उरलेल्यांचा पाया आणि वरचा सांगाडा, दोन्हींची गणितं पुन्हा मांडावी लागतात.

मीटिंगची मिनिट्स लिहायचं काम तुमच्याच गळ्यात पडेल, कुरकुरू नका. महावितरणचे खांब कोण हलवणार, ताबा न मिळालेल्या पट्ट्याची तारीख कोणती, हे नावानिशी लिहा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. मुदतवाढ मागायची वेळ आली की पहिला कागद हाच शोधतात.