समोरून राँग साइडने कुणी आलं तर

धुळे-जळगाव रस्त्यावर, पारोळा-एरंडोलकडे रात्री गाडी चालवताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. राँग साइडने येणारा बहुतेकदा आपल्या डाव्या कडेनेच येतो. शेतातून निघालेला मोटारसायकलवाला, कापसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर. पुढचा कट, म्हणजे दुभाजकातली वळायची जागा, लांब असतो, म्हणून तो तसाच कडेकडेने उलटा निघतो. एकच मिणमिणता दिवा दिसला, की ती मोटारसायकल असेल असं धरूच नका. दुसरा दिवा बंद असलेला ट्रॅक्टरही असतो, मागे रुंद ट्रॉली घेऊन.

तुम्ही ८० वर, तो ४० वर, म्हणजे दर सेकंदाला ३३ मीटर अंतर संपतं. म्हणून दिवा दिसताक्षणी वेग कमी करा, डिपर द्या, हॉर्न वाजवा. एकदम उजवीकडे गाडी ओढू नका. मागून ट्रक येत असतो. आधी आरसा, मग हळूहळू सरका. पुढे गेल्यावर गाडी सुरक्षित जागी थांबवून १०३३ (महामार्ग हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) ला कळवा.

आणि घरच्या पोरांना कळकळीने सांगा: कट दोन किलोमीटर लांब असला तरी तिथूनच वळून ये, आम्ही जेवायला थांबतो.