टपाल तिकिटांचा संग्रह स्कॅन करताय? या चुका टाळा

"घर आवरताना बाबांचा अल्बम सापडला. रविवारी एका बैठकीत सगळा स्कॅन करून टाकतो." असा फोन आला की पुढचं सगळं मला आधीच दिसतं. रविवारी रात्री कॉम्प्युटरवर 'स्कॅन०००१'पासून सुरू होणाऱ्या फाइलींची रांग, अल्बममधली तिकिटं इकडची तिकडे, आणि सोमवारी दुसरा फोन: "भाऊ, कोणतं कुठलं होतं तेच कळेना."

तिकिटं जमवणारी माणसं शांत डोक्याची असतात म्हणे. असतात, पण स्कॅनर घरात येईपर्यंतच.

माझं म्हणणं एवढंच की स्कॅन हे शेवटचं काम आहे. आधी तिकीट ओळखा, नोंदवा, त्याला नंबर द्या, तो नंबर अल्बमच्या पानावर पेन्सिलने लिहा आणि मगच तिकीट काचेवर ठेवा. पडद्यावरच्या चित्रावरून अल्बममधल्या नेमक्या खणापर्यंत पोचता येत नसेल, तर ते नुसतं चित्र आहे, संग्रहाची नोंद नव्हे. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात. पहिली मात्र आपल्या नागपूरच्या हवेमुळे होते.

कूलरच्या खोलीत मिंट तिकिटं

मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय कोणी बसत नाही आणि बसावं असं मी म्हणणारही नाही. पण कूलर म्हणजे खिडकीतून खोलीत ढकललेली ओल. मिंट, म्हणजे न वापरलेल्या, कोऱ्या तिकिटाच्या मागचा डिंक ती ओल मुकाट्याने पीत राहतो.

महालातले एक निवृत्त गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. गांधीजींच्या १९४८च्या संचातली तीन मिंट तिकिटं त्यांनी जिवापाड जपली होती: दीड आणा, साडेतीन आणे आणि बारा आणे. दहा रुपयांचं त्यांच्याकडे कधीच नव्हतं आणि त्याची खंत ते अधूनमधून बोलून दाखवत. हा संच १५ ऑगस्ट १९४८ला निघाला. छपाई स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्याची, म्हणून चेहऱ्यावरच्या छटा इतक्या मऊ. काकांना कोणीतरी सांगितलं होतं की स्कॅनला मागे काळा कागद ठेवा, म्हणजे तिकिटाच्या कडेचे दाते स्वच्छ दिसतात. सल्ला बरोबर होता. काकांनी स्टेशनरीच्या दुकानातून स्वस्तातला काळा कार्डपेपर आणला, तिकिटं काचेवर पालथी मांडली, थेट डिंकावर तो कागद ठेवला, झाकण लावलं आणि सपाट बसावं म्हणून वर एक जाडजूड ग्रंथ ठेवला. तेवढ्यात लाईट गेली. मे महिन्याची दुपार, जेवण झालेलं. काका आडवे झाले.

उठून झाकण उघडलं तर काळा कागद उचलताना तिन्ही तिकिटं त्याच्यासोबत वर आली. मला फोन. "भाऊ, तिकिटं कागदाले चिपकली न!" मी म्हटलं, "हात लावू नका, येतोच मी." पण माणसाला धीर कुठला? मी पोचेपर्यंत नखाने सोडवणं झालं होतं. दीड आण्याचं तपकिरी तिकीट निघालं, पण मागचा कागदाचा पापुद्रा कार्डपेपरवरच राहिला. उजेडात धरलं तर गांधीजींच्या खांद्यापाशी कागद इतका विरळ की पलीकडचा बल्ब दिसत होता. बाकीची दोन धड निघाली, पण डिंकावर कार्डपेपरचा काळा रंग उतरला होता. मिंट म्हणून ती आता कोणी घेणार नाही.

असं चिकटलंच तर तिकीट ओढायचं नाही, बळी कागदाचा द्यायचा. तिकिटाभोवतीचा कार्डपेपर कात्रीने सुटा करा, कूलर बंद करा आणि तो तुकडा कोरड्या खोलीत तसाच पडू द्या. आपल्याकडची मेची मूळ हवा ठणठणीत कोरडी असते. डिंक वाळला की तिकिटाच्या कडा आपोआप वळू लागतात आणि पुष्कळदा ते स्वतःहून सुटतं. नाहीच सुटलं तर पाठीला कागद राहू द्या. पापुद्रा जाण्यापेक्षा ते परवडतं.

माझी सवय सांगतो. मिंट तिकिटांचं स्कॅनिंग मी डिसेंबर-जानेवारीतच करतो. रात्री, दिवे मालवून, स्कॅनरचं झाकण सताड उघडं ठेवून. अंधाऱ्या खोलीत झाकण उघडं असलं की पार्श्वभूमी आपोआप काळी येते, दाते मोजता येतात आणि डिंकाला काहीही टेकत नाही. पंखा बंद हवा, नाहीतर तिकिटं पलंगाखाली शोधावी लागतात. थंडीत पंखा तसाही लागत नाही. उचलायला चिमटाच. "हात स्वच्छ आहेत" हे मला सांगू नका.

पावसाळ्यात मिंटला हातच लावू नये. शिक्का बसलेली, डिंक गेलेली तिकिटं कधीही करा.

अर्धा आणा झाला १ फेब्रुवारी

दुसरा माझा जुना वैरी म्हणजे एक्सेल. म्हणजे एक्सेल वाईट नाही, पण त्याला न सांगता कामाला लावणारे वाईट.

१८५४च्या निळ्या अर्ध्या आण्याची किंमत म्हणून तुम्ही १/२ टाइप करता. एंटर दाबलं की तिथे १ फेब्रुवारी येतं. संचाचे कॅटलॉग नंबर ४-६ लिहिले की ४ जून. मागाहून लक्षात आलं आणि त्या रकान्याचं रूप टेक्स्टमध्ये बदललं, तर तारखेच्या जागी पाच आकडी भलताच नंबर येतो. तुम्ही मुळात काय लिहिलं होतं ते गेलं ते गेलंच. ०००७ लिहिलं तर ७ उरतो.

आणखी गंमत खऱ्या तारखांची. विंडोजवरच्या एक्सेलच्या लेखी काळ १९०० साली सुरू होतो. सिंध डाकेचं तिकीट १ जुलै १८५२चं, पण ती तारीख एक्सेलला तारीख वाटतच नाही, शब्द वाटतो. मग तारखेप्रमाणे लावलं की आशियातलं पहिलं डिंकाचं तिकीट यादीच्या तळाशी, कालपरवाच्या तिकिटांच्या खाली जाऊन बसतं. एका मुलाने मला अशी यादी मोठ्या अभिमानाने दाखवली होती. "सॉफ्टवेअरनेच लावलंय," म्हणाला. त्याचं ते वय होतं, पण पन्नाशीची माणसंही हेच सांगतात.

उपाय सोपा आहे. पहिलं अक्षर टाइप करण्याआधी सगळे रकाने निवडून टेक्स्ट करा. तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने, १९४७-११-२१ अशी लिहा. ही आपल्या जय हिंदच्या साडेतीन आण्याच्या तिकिटाची तारीख, स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट. अशी लिहिली की १८५२ असो वा २०२५, क्रम बिघडत नाही. फाइलीचं नावही त्याच धर्तीवर: देश, तारीख, किंमत, तुमचा नंबर. मागची बाजू स्कॅन केली असेल तर त्याच नावापुढे 'मागे'. मागची बाजू स्कॅन कराच. हिंजची (तिकीट अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीची) खूण, डिंकाची अवस्था, जुन्या मालकाची पेन्सिल, सगळं तिथेच असतं.

'डुप्लिकेट' पुसून टाकणारे

१९५७ला नवे पैसे आले आणि भारताच्या नकाशाची मालिका निघाली. तीच तिकिटं आधी ताऱ्यांच्या जलचिन्हाच्या (कागदातच असलेल्या फिकट खुणेच्या) कागदावर छापली, १९५८पासून अशोकस्तंभाच्या. समोरून दोन्ही एकसारखीच दिसतात. काही हुशार मंडळी जागा वाचवायला डुप्लिकेट फोटो शोधणारं ॲप चालवतात आणि ते इमानदारीने यातलं एक उडवतं. साधा स्कॅनर जलचिन्ह दाखवत नाही. ते आधी तपासून नोंदीत लिहावं लागतं, आणि ते लिहायचा कंटाळा असेल तर स्कॅन करण्याची घाई कशाला?

फोल्डरांचीही हीच तऱ्हा. १४ एप्रिल १९६६चं डॉ. आंबेडकरांचं १५ पैशांचं तिकीट कुठे ठेवायचं, १९६६मध्ये की आंबेडकर विषयात? दीक्षाभूमीच्या शहरात हा विषय जमवणारे पुष्कळ, म्हणून प्रश्न नेहमी येतो. लोक दोन्हीकडे कॉपी ठेवतात, पुढे एकीचं नाव सुधारतात आणि दुसरी तशीच राहते. फोल्डर फक्त देश आणि वर्षाचे करा. विषय शीटमधल्या रकान्यात टाका, हवे तेवढे टाका.

जुन्या लिफाफ्यांवर कँप्टी, सीताबल्डी असे शिक्के असतात. शिक्क्यावर आहे तसं एका रकान्यात, आजचं नाव दुसऱ्यात. नाहीतर 'कामठी' शोधाल आणि हाती काही लागणार नाही.

बाकीच्या, थोडक्यात

सगळं २४०० डीपीआयवर (इंचामागे इतके ठिपके) करणारे शूर लोक भेटतात. सुट्या तिकिटाला ६०० पुरतं, छपाईतला दोष किंवा शिक्क्याचा बारकावा दाखवायचा असेल तर १२००. पंचवीस बाय तीस मिलिमीटरचं तिकीट १२००वर जेमतेम पाच एमबी होतं. तोच आकडा ठेवून अख्खी एफोर काच स्कॅन केलीत तर एक फाइल चारशे एमबी. मग कॉम्प्युटर अडकतो आणि शिव्या स्कॅनरला.

ऑटो कलर, शार्पनिंग, डीस्क्रीन हे तिन्ही बंद. ऑटो कलर कागदाचा पिवळेपणा 'सुधारतो' आणि त्यासोबत छटा मारतो. डीस्क्रीन छपाईचे ठिपके पुसतं, आणि छपाईची पद्धत ओळखायला तेच ठिपके लागतात. मोबाइलमधली कागदपत्रांची स्कॅन ॲप तर विजेच्या बिलासाठीच बरी. ती तांबूस डागही गायब करतात, मग विकत घेणारा प्रत्यक्ष तिकीट पाहून भांडतो.

आपोआप कापणी नको. दाते कापले जातात. चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर काळी जागा सोडा, आणि तिकीट काचेच्या अगदी कडेला ठेवू नका, बऱ्याच स्कॅनरना ती कड दिसतच नाही.

यूएसबीवर चालणारे चपटे स्कॅनर काचेला टेकलेलंच नीट पाहतात. अल्बमच्या जाड पानावरचं, माउंटमधलं (पारदर्शक पाकिटातलं) तिकीट किंचित वर राहिलं की धूसर येतं. त्यात स्कॅनरचा दोष नाही. तिकीट बाहेर काढा. सिव्हिल लाईन्सच्या जीपीओतून आणलेल्या प्रथम दिवस आवरणातला (तिकीट निघाल्या दिवशीच्या शिक्क्याच्या लिफाफ्यातला) जाड पुठ्ठाही आधी काढून ठेवा.

काच पुसायला द्रव काचेवर फवारू नका, फडक्यावर घ्या, आणि पूर्ण वाळल्याशिवाय तिकीट ठेवू नका.

मूळ फाइल टिफमध्ये ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. पाठवायला जेपीजी वेगळी काढा. जेपीजी उघडून, फिरवून, पुन्हा जतन करत राहिलात की दर वेळी थोडी झिजते. बॅकअपची हार्डडिस्क अल्बमच्याच कपाटात ठेवणाऱ्यांनी ती कशासाठी घेतली हे मला अजून कळलेलं नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकलेलं स्कॅन चिरडून पोचतं. तज्ज्ञाला दाखवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ग्रुपवर मिरवायला मात्र ते चिरडलेलंच बरं, कारण मोठ्या स्पष्ट स्कॅनवर उद्या कोणीतरी तुमचंच तिकीट आपलं म्हणून विकायला काढेल.