७५ गॅलनमधून २५ गॅलनमध्ये रीफ हलवताना

न्यू जर्सीतलं घर सोडून लहान अपार्टमेंटमध्ये आलो, तेव्हा ७५ गॅलनची रीफ टाकी (जिवंत प्रवाळ आणि माशांची खाऱ्या पाण्याची काचटाकी) २५ गॅलनमध्ये आणावी लागली. पिवळ्या टँगला आधीच मोठी टाकी असलेल्या मित्राकडे पोचवलं. सतत पोहणारा मासा तो, त्याला दोन फुटांत कोंडणं मला पटेना. क्लाऊनफिशची जोडी मात्र सोबत आली.

आदल्या दिवशीच आरओच्या पाण्यात मीठ कालवून हीटर आणि पंप चालू ठेवा. माझ्याकडे पाण्याचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २५ अंश सेल्सिअस. नवं पाणी जुन्याशी जुळलंच पाहिजे.

हलवताना वरचं नितळ पाणी आधी बादल्यांत काढा, मग प्रवाळ, मग दगड. मासे शेवटी, दगड निघाले की ते चटकन हाती लागतात. दगड ओलेच ठेवा, नळाखाली कधीच धुऊ नका. माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू मुख्यतः त्यांच्यातच असतात.

जुनी वाळू नेऊ नका. मी तळ उकरला तेव्हा सडक्या अंड्यांचा वास आला. हायड्रोजन सल्फाइडच तो! शिवाय ढवळलेल्या गाळातून अमोनियाही सुटतो. मी नवी वाळू धुऊन घातली.

उथळ टाकीत दिवा प्रवाळांच्या जवळ येतो, म्हणून प्रखरता निम्मी करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. पहिला आठवडा अमोनिया रोज तपासा. पाणी वाफ होऊन उडालं की लहान टाकीत खारेपणा झरझर चढतो. रोज सकाळी खुणेपर्यंत आरओचं बिनमिठाचं पाणी भरा.