ख्यालाच्या कानांनी अमेरिकन सिंफनी

देवल क्लबच्या मैफलींत कान तयार झालेल्या कोल्हापूरकराने विसाव्या शतकातली अमेरिकन सिंफनी (पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) ऐकायला घ्यावी ती संगीतकार रॉय हॅरिसची तिसरी. बॉस्टनला १९३९ मध्ये ती पहिल्यांदा वाजली. एकच सलग भाग, साधारण १७-१८ मिनिटांचा.

सुरुवातीला चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातली मोठी, खर्जाची तंतुवाद्यं) एकटेच एक लांब धून उलगडत नेतात. ती बढतीसारखी वाढते, पण मुखड्यावर परत येत नाही. कान समेची वाट पाहत राहतो आणि कंटाळतो. ती वाट पाहणं सोडायचं. दुसरी अडचण षड्जाची. इथे तानपुरा नाही, आधारस्वर बदलत राहतो. पहिला सूर ‘सा’ धरून बसलात, तर थोड्याच वेळात सगळं बेसूर वाटू लागेल. धून जिथे विसावते, तेवढ्यापुरता तो ‘सा’ माना.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. चेलोची सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झची. इतका खर्ज तो इवलासा स्पीकर देऊच शकत नाही, म्हणजे सुरुवातीचा पायाच गेला. बरा हेडफोन घ्या. ॲपमधलं शफल आणि आवाज एकसारखा करणारं सेटिंग, दोन्ही बंद ठेवा.

पहिल्या वेळी फक्त धून धरा. दुसऱ्या वेळी वळणं टिपा: तंतुवाद्यांच्या झुळझुळत्या सुरांवर बासरी-क्लॅरिनेटसारखी वाद्यं येतात तो मोकळा भाग, मग पितळी वाद्यांचा जोरकस फ्यूग (एकाने मांडलेला विषय दुसरा उचलतो, मग तिसरा), आणि शेवटी टिंपनीचे (नगाऱ्यासारखं मोठं वाद्य) एकसारखे, जड ठोके. त्या ठोक्यांवर सुरुवातीचं गांभीर्य पुन्हा दाटून येतं. अमेरिकन सिंफनीत इतका घट्ट शेवट क्वचितच सापडतो.

पुढची पायरी सॅम्युएल बार्बरची पहिली, १९३६ ची. तिच्या शेवटच्या टप्प्यात चेलो आणि त्याहून मोठा, खर्जाचा डबल बास एक छोटी स्वरावली पुन्हा पुन्हा वाजवतात आणि वरचं संगीत बदलत जातं. तबल्याच्या साथीचा लेहरा जसा मनात धरून ठेवतो, तशी ती धरा.

एरन कोपलंडची तिसरी, १९४६ ची, सवडीने ऐका. ती ४० मिनिटांच्या आसपास चालते. तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो. तिथे बासरी आणि क्लॅरिनेट एक धून अगदी हळू वाजवतात. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका, कारण लगेच तीच धून पितळी वाद्यं आणि टिंपनी पूर्ण ताकदीने घेतात.